झाडाची रात्र विचारणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

बाबांच्या खोलीतल्या कलांचोला, म्हणजे त्या मांसल पानांच्या फुलझाडाला, कळ्या धरल्या, हे तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं झालं" म्हणून विषय बदललात. आभार मानून घ्यायची तुम्हाला सवय नाही, हे ठाऊक आहे. तरी हे पत्र लिहितेय, आणि कुणालाही वाचता येईल असं लिहितेय. घरात झाड वाढवून 'पानं रग्गड, फूल एकही नाही' अशा अवस्थेत अडकलेल्या माणसांना तुम्ही मला विचारलात तो प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

त्याआधी इतरांनी जे विचारलं ते सगळं झाडाबद्दल होतं. खत कुठलं? पाणी किती? माती बदलली का? फुलांचं टॉनिक घाला, पोटॅश वाढवा, कुंडी मोठी करा. सगळे आपुलकीनं सांगत होते आणि त्यातलं काही अगदीच चूक नव्हतं. नत्र जास्त झालं तर झाड पाल्यावर जातंच. तुम्ही मात्र झाडाकडे एकदा पाहिलंत, पानं चाचपलीत, "झाड ठणठणीत आहे" म्हणालात आणि विचारलंत, "रात्री या खोलीत अंधार किती वेळ असतो?"

आमच्याकडे त्याचं उत्तर होतं, अजिबात नसतो. बाबांना रात्री उठवून औषध द्यावं लागतं, कूस बदलून द्यावी लागते. त्यामुळे त्या खोलीत दिवा रात्रभर असतो. त्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो मंद आणि लाल. दिवसा खिडकीतला उजेड कमी पडतो म्हणून कुंड्यांवर ग्रो लाइट, तोही टायमरवर सोळा तास. झाडासाठी आम्ही उजेडाची एवढी सोय केली होती, आणि तुम्ही म्हणालात की याला उपाशी ठेवलंय ते अंधारावाचून.

त्या दिवशी तुम्ही पॉलिहाऊसमधल्या शेवंतीबद्दल सांगितलंत ते माझ्या डोक्यातून जात नाही. रस्त्याच्या खांबावरचा दिवा ज्या ओळींवर पडायचा, त्या ओळी कळीला मागे राहायच्या. रोपं तीच, खत तेच, पाणीही तेच. आणि हेच उलटं वापरून तुम्ही शेवंतीची तारीख ठरवायचात. दांडा हवा तेवढा लांब होईपर्यंत मध्यरात्रीच्या सुमाराला काही तास दिवे लावून झाड पाल्यावर धरून ठेवायचं, आणि फूल हवं त्याच्या आठ-दहा आठवडे आधी दिवे बंद करून संध्याकाळपासून काळं कापड ओढायचं. "कारण मला विचारू नकोस, मी हे हातानं शिकलोय," असं म्हणालात. म्हणून मी कारण शोधत बसले. जे सापडलं ते तुमच्यासाठी इथे लिहिते. आभार म्हणून माझ्याकडे देण्यासारखं तेच आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्यात गार्नर आणि अ‍ॅलार्ड नावाचे दोन संशोधक होते. त्यांच्याकडे 'मेरिलँड मॅमथ' नावाची तंबाखूची जात होती. उन्हाळ्यात ती दहा फुटांच्या वर जायची, पण फुलायची नाही. तीच हिवाळ्यात काचघरात लहान असतानाच फुलायची. त्यांनी ऊब, पाणी, खत सगळं तपासलं. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी कुंड्या दुपारनंतर एका अंधाऱ्या खोपटात ढकलायला आणि सकाळी बाहेर काढायला सुरुवात केली. झाडं फुलली. १९२० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. काका, तुम्ही वर्षानुवर्षं ओढलेलं काळं कापड म्हणजे तेच खोपट.

तेव्हा त्यांना वाटलं की झाड दिवसाची लांबी मोजतं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम या रानटी झाडावर दाखवलं की मोजली जाते ती रात्र, आणि तीही अखंड. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर काही बिघडत नाही. रात्रीच्या मध्ये थोडा वेळ उजेड केला की फुलणं थांबतं. अशा, लांब रात्र मिळाली की फुलणाऱ्या झाडांना 'लहान दिवसाची झाडं' हे नाव मात्र तसंच चिकटून राहिलं. कलांचो, शेवंती, पॉइन्सेटिया ही सगळी त्यातली. टोमॅटोसारख्या झाडांना रात्रीच्या लांबीचं काही सोयरसुतक नसतं, म्हणूनच एकाचा अनुभव दुसऱ्याला सांगून उपयोग होत नाही.

आता लाल दिव्याचं. तुम्ही तो पाहताक्षणी म्हणालात, "हा तर सगळ्यात वाईट." मला पटलं नव्हतं, कारण आपल्या डोळ्यांना तो किती सौम्य! पण पानात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं आणि ते नेमकं लाल प्रकाशानं, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, जागं होतं. त्यापलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा ७३० च्या आसपासचा प्रकाश त्याला परत निजवतो. बॉर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटानं ही उलटापालट १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर दाखवली. म्हणजे बाबांची झोप मोडू नये म्हणून लावलेला दिवा झाडाची रात्र दर थोड्या वेळानं नाही, तर सलग मोडत होता. हे तुम्ही नुसत्या अनुभवावर ओळखलंत.

दिवा तर काढता येत नव्हता. इथे तुमच्याजागी दुसरं कुणी असतं तर "मग कुंड्या दुसऱ्या खोलीत ठेवा" म्हणून मोकळं झालं असतं. तुम्ही बाबांकडे पाहिलंत. ते दिवसभर त्या कुंड्यांकडे बघत असतात, हे तुम्ही कुणी न सांगता जाणलंत. आणि खोकं मागितलंत. जाड पुठ्ठ्याचं, कुंडीवर उपडं बसेल असं. फटींना चिकटपट्टी, आतून काळा कागद. संध्याकाळी सहाला झाकायचं, सकाळी आठला काढायचं, चौदा तास अंधार, उरलेले दहा तास ग्रो लाइटसकट पुरेपूर उजेड, कारण कळी भरायला ताकद दिवसाच मिळते. वेळ रोज तीच. सहा आठवडे.

माझ्या भावानं विचारलं होतं की कळी शेंड्याला येते, मग नुसते शेंडे झाकले तर? तुम्ही मान हलवलीत, "पानं झाकली पाहिजेत." तेही खरंच आहे. चायलाख्यान नावाच्या संशोधकानं १९३० च्या दशकात शेवंतीवरच हे करून पाहिलं होतं. पानांना लांब रात्र दिली की शेंडा उजेडात असूनही कळी येते, नुसत्या शेंड्याला दिली तर येत नाही. पानातून शेंड्याकडे काहीतरी जातं, असं म्हणून त्यानं त्याला 'फ्लोरिजेन' नाव दिलं. ते काहीतरी म्हणजे एक प्रथिन आहे, हे भात आणि अरॅबिडोप्सिस (प्रयोगशाळेत वापरतात ते छोटं रोप) यांच्यावरून २००७ मध्ये दाखवलं गेलं. मधली सत्तर वर्षं शास्त्रज्ञ ते शोधत होते.

खोकं झाकायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. हात पुरेसा उचलत नाही, म्हणून झाकतो आम्हीच, पण सहा वाजले की आठवण तेच करतात, आणि सकाळी आठच्या आधी कुणालाही हात लावू देत नाहीत. एका संध्याकाळी पाहुण्यांच्या गडबडीत उशीर झाला तर त्यांचा जीव कासावीस झाला. तुम्हाला फोन लावायला लावला त्यांनी. तुम्ही शांतपणे म्हणालात, एका रात्रीनं सगळं जात नाही, वरचेवर झालं तर मागं पडतं, उद्यापासून पुन्हा वेळेवर. त्या एका वाक्यासाठी मी तुमची फार ऋणी आहे. डॉक्टरांच्या तपासण्यांच्या गर्दीत बाबांच्या हाती एक असं काम आलं होतं, जे बिघडलं तरी सावरता येतं.

मध्ये उकाडा वाढला तेव्हाही तुम्ही आठवणीनं येऊन गेलात. खोक्यावर तिरपं ऊन येत होतं. आतली हवा तापली, तर रात्र लांब असूनही कळी रेंगाळते, म्हणून कुंडी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला घेतलीत. पाणीही कमी करायला सांगितलंत, कारण ती मांसल पानं बंद खोक्यात ओली राहिली की कुजतात. या गोष्टी कुठल्याही प्रयोगाच्या हकिगतीत मला सापडल्या नाहीत.

कळ्या आधी इतक्या बारीक होत्या की मला नवी पालवी वाटली. बाबांनी ओळखल्या. आता रंग दिसायला लागलाय, फिकट केशरी, आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे खोक्यानं झाकणं थांबवलंय. फुलं बरेच आठवडे टिकतात असं तुम्ही म्हणालात, तेव्हा घाई करू नका, पण या.

येताना शेवंतीची कटिंगं आणाल का? बाबांनी खोकं माळ्यावर टाकू दिलेलं नाही. त्यांना पुढच्या खेपेला शेवंती लावायची आहे. दिवे कधीपर्यंत ठेवायचे आणि खोकं कधीपासून, हे त्यांनी माझ्याकडून कॅलेंडरवर लिहूनही घेतलंय. फक्त शेंडा कधी खुडायचा यावर आमचं एकमत होत नाही, आणि ते म्हणतात, काका आल्याशिवाय कुंडीला हात लावायचा नाही.

तुमची,
शेजारच्या घरातली मुलगी