आधी तीन रकाने भरा

महोदय,

स्वमग्न मुलांसाठीची ‘एबीए’, म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण, ही मुलाला खुर्चीत बसवून बिस्किटाच्या आमिषाने शिकवण्याची पद्धत आहे, असे अनेकांना वाटते. तिचा पाया मात्र नोंदीत आहे. वहीत तीन रकाने आखावेत : लगेच आधी काय घडले, मुलाने काय केले, लगेच नंतर काय झाले. ‘चिडला’ असे लिहून काही कळत नाही. ‘ताट ढकलले, दोन मिनिटे ओरडला’ असे लिहावे. आठवडाभराच्या नोंदींतून कारण दिसू लागते. लक्ष हवे, वस्तू हवी, कामातून सुटका हवी, की ती कृतीच शरीराला बरी वाटते? (डोके आपटणे अचानक सुरू झाले, तर आधी कान आणि दात डॉक्टरांना दाखवावेत.)

अभ्यास टाळायला ओरडणाऱ्याला ‘जा, कोपऱ्यात बस’ म्हटले की त्याला हवे तेच मिळते. त्याऐवजी ‘थांबू या’चे चित्रकार्ड हातात द्यायला शिकवावे आणि सुरुवातीला कार्ड दिले की प्रत्येक वेळी लगेच सुट्टी द्यावी. घरे फसतात ती मोबाइलपाशी. रडण्यावर मोबाइल देणे बंद केले की रडणे आधी वाढते. हे अपेक्षितच असते. पण दहाव्या मिनिटाला आजी विरघळतात आणि दहा मिनिटे रडावे लागते एवढेच मूल शिकते.

हात धुण्यासारख्या कामाच्या पायऱ्या पाडाव्यात : नळ, पाणी, साबण, चोळणे, धुणे, नळ बंद, पुसणे. मागे उभे राहून हाताला आधार द्यावा, शेवटची पायरी आधी त्याची त्याला करू द्यावी आणि शाबासकी त्याच क्षणी द्यावी. ‘आता साबण घे’ असे सारखे बोलू नये. तोंडी सूचनेची सवय सुटता सुटत नाही.

काही जण आठवड्याला अशा 40 तासांच्या शिकवणीचा आग्रह धरतात. तो आकडा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या 1987च्या अभ्यासातला. त्यात 40 तासांच्या गटात 19च मुले होती, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि शिक्षेचाही वापर होता. आज शिक्षेचे समर्थन करू नये. कोणाला इजा न करणारे हात फडफडवणेही थांबवायचे कारण नाही.

पालकांनी उपचार केंद्राकडे दर महिन्याला नोंदींचा आलेख मागावा. रेघ आडवीच राहिली, तर ‘मूल सहकार्य करत नाही’ हे उत्तर मान्य करू नये; योजनेत काय बदलले ते विचारावे.

– एक विशेष शिक्षिका, पुणे