डचांची वाट तापीकाठाने गेली होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महाराष्ट्र आणि नेदरलँड्स यांच्या जुन्या संबंधांवर आलेला लेख वाचला. वेंगुर्ल्याच्या डच वखारीची माहिती त्यात नेटकी आली आहे. विजापूरच्या आदिलशहाकडून १६३७ मध्ये मिळालेली परवानगी, गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तिथून होणारा पुरवठा आणि आज पडक्या भिंतींनिशी उभी असलेली ती वास्तू, हे सगळे वाचकांपुढे यायलाच हवे होते. मात्र लेख वेंगुर्ल्यात सुरू झाला आणि तिथेच संपला. खानदेश त्यात आला तो शेवटच्या परिच्छेदात, हरितगृहे आणि आधुनिक शेती डचांकडून शिकणारा विभाग म्हणून. आमच्याकडे डच थेट चारशे वर्षांनी, तेही बियाणे आणि प्लॅस्टिकचा कागद घेऊन आले, असा समज त्यातून होतो. तो दूर व्हावा म्हणून हे पत्र.

डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या पाचच वर्षांत तिचा खानदेशाशी संबंध आला, तोही एका दुर्दैवी घटनेमुळे. डेव्हिड व्हॅन डेनसेन नावाचा डच व्यापारी माल घेऊन सुरतेत आला होता. पोर्तुगीज त्याच्या मागावर होते. त्यांच्या हाती सापडण्याच्या धास्तीने त्याने १६०७ मध्ये बुऱ्हाणपुरात स्वतःचा जीव घेतला. त्याच्या मागे राहिलेल्या मालाचे काय झाले, याचा छडा लावण्यासाठी कंपनीने १६१५ मध्ये मच्छलीपट्टणहून खुश्कीच्या मार्गाने सुरतेला माणूस धाडला. माणूस गेल्याला आठ वर्षे झाली तरी मालाचा हिशेब सुटू द्यायचा नाही, हा त्या कंपनीचा स्वभाव होता आणि आज तिची कागदपत्रे इतिहासाच्या कामी येतात तीही याच स्वभावामुळे. बुऱ्हाणपूर सध्या मध्य प्रदेशात आहे खरे, पण ते फारुकी सुलतानांच्या खानदेशाची आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी होते. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्यामुळे आपण आपल्याच जुन्या राजधानीचा इतिहास दुसऱ्याचा मानू लागलो आहोत, हे मला कायम खटकत आले आहे.

सुरत तापीच्या मुखाशी वसलेली आणि खानदेश त्याच तापीच्या खोऱ्यात. सुरतेत वखार घातल्यावर डचांना आग्र्यापर्यंत जाण्यासाठी दोन वाटा होत्या, एक अहमदाबादवरून आणि दुसरी बुऱ्हाणपूरवरून. दुसऱ्या वाटेवरचे मुक्काम त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहेत. बार्डोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, सांकळी, रावेर आणि मग बुऱ्हाणपूर. ही यादी खानदेशच्या कोणत्याही माणसाला वाचून दाखवा, त्याचा एखादा तरी नातेवाईक त्यातल्या एका गावी निघेल. आग्र्याजवळच्या बयाण्याची नीळ उंटांवर आणि बैलगाड्यांवर लादून याच वाटेने सुरतेच्या धक्क्याला यायची आणि जाताना मसाले व धातू वर जायचे. पावसाळ्यात आमच्या काळ्या जमिनीत गाड्यांची चाके आसापर्यंत रुतायची, तापीला पूर आला की काफिले अडून बसायचे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए हा डच नव्हता, पण याच वाटेवरून गेलेला असल्याने त्याची एक नोंद इथे देण्याचा मोह आवरत नाही. नवापूर हे विणकरांचे मोठे गाव असून तिथला तांदूळ नेहमीच्या दाण्याच्या निम्मा बारीक असतो आणि त्याला कस्तुरीसारखा वास येतो, असे त्याने लिहिले आहे. नंदुरबारच्या बाजारात नवापूरकडचा तांदूळ मागून घेणाऱ्यांना या नोंदीचे नवल वाटणार नाही.

या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, आग्र्यात, फ्रान्सिस्को पेल्सार्ट हा कंपनीचा अधिकारी १६२७ पर्यंत होता. त्याने १६२६ मध्ये आपल्या वरिष्ठांसाठी एक अहवाल लिहिला. नीळ कुठे पिकते, कोणता मसाला कुठे खपतो, कोणाला किती नजराणा द्यावा लागतो, अशा व्यापारी चौकशीसाठी लिहिलेला तो कागद आज जहांगिराच्या काळातील सामान्य माणसाच्या जगण्याचा मोठा पुरावा ठरला आहे. बुऱ्हाणपूरचीही दखल त्यात आहे. आग्र्याच्या कारागिराबद्दल तो लिहितो की, दिवसा थोडे भाजलेले धान्य चघळायचे आणि संध्याकाळी मुगाची डाळ व तांदूळ एकत्र शिजवून, पाणी आटल्यावर वर लोणी घालून गरम गरम खायचे, एवढेच त्याचे अन्न. रात्रीच्या जेवणाला खिचडीच लागणाऱ्या खानदेशी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. दरबारी बखरकारांनी बादशहाचे हत्ती मोजले, तेव्हा या परक्या व्यापाऱ्याने मजुराच्या ताटात डोकावून पाहिले. अर्थात त्यामागे कणव किती आणि मजुरी स्वस्त कशी पडेल याचा विचार किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. हाच पेल्सार्ट पुढे ‘बटाव्हिया’ जहाजाचा प्रमुख झाला आणि ते जहाज १६२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ खडकांवर आदळून फुटले. एकाच नोकरीत आग्रा, तापीचे खोरे आणि ऑस्ट्रेलियाचा निर्जन किनारा गाठणारी माणसे त्या कंपनीने घडवली.

१६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला त्याची आठवण आपल्याकडे फारशी उरलेली नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ आपल्या बोलण्यात येतो, हा येत नाही. त्याचे वर्णन योहान व्हॅन ट्विस्ट या डच अधिकाऱ्याने करून ठेवले आहे. वेंगुर्ल्याची परवानगी मिळवण्यासाठी विजापूरला गेलेला वकील हाच. म्हणजे आपल्या लेखातील वेंगुर्ले आणि लेखातून सुटलेला हा प्रदेश एकाच माणसाच्या लेखणीने जोडलेले आहेत. १६३० च्या नोव्हेंबरात नंदुरबारहून गेलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने तर प्रेतांमुळे तंबू ठोकायलाही जागा मिळेना, असे नोंदवले आहे. धरणगावची १६७४ ची इंग्रजांची वखार आपण गॅझेटियरमध्ये वाचतो, कारण इंग्रजांनी राज्य केले आणि त्यांची भाषा आपण शिकलो. डचांनी इथे राज्य केले नाही, म्हणून त्यांचे कागद आपल्या वाचनात आले नाहीत. कारण एवढे साधे आहे.

डचांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. सुरतेहून वर येणारी लवंग, जायफळ आणि जायपत्री यांचा मक्ता या कंपनीने कसा मिळवला, हे विसरून चालणार नाही. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटर्सझोन कून याने आजच्या इंडोनेशियातील, जायफळाच्या बांदा बेटांवर स्वारी केली, तेव्हा तिथल्या सुमारे पंधरा हजार लोकांपैकी जेमतेम हजारभर मागे राहिले. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. खानदेशी काळ्या मसाल्यात आपण जी जायपत्री टाकतो तिच्या व्यापाराचा हाही इतिहास आहे. गुलामांचा व्यापार कंपनीने भारतातही केला आणि तिला त्याबाबत स्पष्ट अटकाव करणारा राजा मराठी होता, हे अधिक ठळकपणे सांगितले गेले पाहिजे. दक्षिण दिग्विजयात, १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात आपल्या अमलाखालील मुलखात स्त्री-पुरुष गुलामांची खरेदी करण्यास आणि त्यांना बाहेर नेण्यास मनाई केली. या कौलाची माहिती आपल्याला मिळते तीही डच दप्तरातून.

लेखाच्या शेवटी डचांकडून पाणी व्यवस्थापन शिकण्याचा जो सल्ला दिला आहे, त्याबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. नेदरलँड्सची सुमारे पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. १९५३ च्या पुरात तिथे १८३६ माणसे दगावली आणि त्यानंतर समुद्र अडवणारी प्रचंड बांधकामे झाली. आपले अभ्यासदौरे जातात ते ही बांधकामे पाहायला. पण त्या देशाचे पाणी सांभाळणाऱ्या पाणीमंडळांची परंपरा तेराव्या शतकापासूनची आहे. आजही अशी २१ मंडळे असून त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात आणि ती स्वतःचा कर स्वतः वसूल करतात. जुन्या काळी आपल्या वाट्याच्या बांधाची डागडुजी ज्याला झेपत नसे तो बांधावर फावडे रोवून निघून जाई. ते फावडे जो उपसून घेईल त्याच्याकडे जमीनही जाई आणि बांधाची जबाबदारीही. आता हे साक्री तालुक्यातल्या पांझराकाठच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगून पाहावे. तो आपली फड पद्धत सांगेल. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या क्षेत्राचे, म्हणजे थळाचे, फड म्हणजे मोठे भाग पाडलेले, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा वेगवेगळ्या फडांत, त्यामुळे पाणी कमी पडले तर तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा. पाणी देणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, वर पंच, आणि या सगळ्यांचा मोबदला शेतकरीच देणार. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ही व्यवस्था निदान तीनशे वर्षे चालली. वर धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि ती मोडकळीला आली. डचांनी आपली जुनी मंडळे कायद्यात बसवून चालू ठेवली, आपण आपले फड पाटबंधारे खात्याच्या हिशेबाबाहेर पडू दिले. दौऱ्यावर जाणाऱ्यांनी तिथे जाऊन पाहण्यासारखी गोष्ट कोणती असेल, तर ही.

मला खरी सूचना करायची आहे ती कागदपत्रांबाबत. डच कंपनीच्या उपलब्ध दप्तराची सुमारे अडीच कोटी पाने हेग, जकार्ता, चेन्नई, कोलंबो आणि केपटाऊन या ठिकाणी आहेत आणि २००३ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश केला. पूर्वी ती पाहायची तर हेगला जावे लागे आणि सतराव्या शतकातले डच हस्ताक्षर लावता यावे लागे. आता ‘ग्लोबलाइज’ या प्रकल्पाने हेगमधल्या सुमारे पन्नास लाख पानांचे संगणकाकडून वाचन करून घेतले असून ते इंटरनेटवर खुले केले आहे. शब्द टाकून शोध घेता येतो. संगणकाच्या वाचनात चुका असतात आणि भाषा जुनी आहे, त्यामुळे जाणकाराची गरज उरतेच. परंतु धुळे, जळगाव किंवा नंदुरबारमध्ये बसून एखाद्या विद्यार्थ्याला सुरतेच्या वखारीतून निघालेले पत्र पडद्यावर उघडता येते, ही सोय आपल्या आधीच्या कोणत्याही पिढीला नव्हती.

पोर्तुगीज साधनांसाठी आपल्याला पांडुरंग पिसुर्लेकर मिळाले, फारसीसाठी सेतुमाधवराव पगडी मिळाले. डच कागद शिवकाळापुरते कोल्हापूरच्या डॉ. बाळकृष्णांनी आणवून वापरले. खानदेशासाठी हे काम कोणी हाती घ्यायचे, असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला आणि त्यांचा संग्रह जतन करणारी संस्था याच शहरात आहे. जळगावला आपले विद्यापीठ आहे. या दोघांनी मिळून जुन्या डच भाषेचा एक छोटा वर्ग चालवावा. चार-पाच विद्यार्थी मिळाले तरी पुरेत. त्यांना पहिले काम म्हणून १६३० ते १६३२ या तीन वर्षांतील सुरत आणि बुऱ्हाणपूरसंबंधीची पत्रे द्यावीत, म्हणजे दुष्काळात तापीकाठच्या गावांत धान्याचा भाव काय होता आणि विणकर कुठे गेले, हे निदान कळू लागेल. सुरतेत उधना-लिंबायत भागात आमची जी हजारो कुटुंबे कापडाच्या कामावर आहेत, त्यांच्या वाटेचा हा आधीचा इतिहास आहे.

आपल्या दैनिकानेही एक करावे. पुढच्या लेखासोबत वखारींचा नकाशा छापताना त्यात वेंगुर्ले आणि सुरतेबरोबर बुऱ्हाणपूर दाखवावे, आणि नवापूरपासून रावेरपर्यंतची वाटही आखावी. ज्या तरुण वाचकांना स्वतः शोध घ्यायचा असेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की डच कारकून बुऱ्हाणपूर हे नाव ‘ब्रामपूर’ असे आणि तेही प्रत्येक वेळी निराळ्या अक्षरांत लिहीत. एका लेखनाने काही हाती लागले नाही तर दुसरे करून पाहावे.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
देवपूर, धुळे