बैसाखी म्हणजे नुसता भांगडा नव्हे

संपादक महोदय,

बैसाखी आली की वृत्तपत्रांत भांगडा आणि गव्हाच्या ओंब्या हमखास झळकतात. गव्हाची सुगी खरीच; पण शिखांसाठी हा 1699 सालचा खालसा म्हणजे दीक्षित शिखांच्या पंथाच्या स्थापनेचा दिवस. आनंदपूर साहिबला गुरू गोविंदसिंगांनी लोखंडी वाडग्यातले बत्तासे घातलेले पाणी दुधारी खंड्याने (तलवारीने) ढवळत दीक्षेचे अमृत तयार केले. आजही दीक्षेच्या वेळी पाच प्यारे, म्हणजे अमृत देणारे पाच दीक्षित शीख, वीरासनात (एक गुडघा टेकून) बसतात आणि पाच बाण्यांचा (प्रार्थनांचा) पाठ संपेपर्यंत ढवळणे थांबत नाही. 1699 च्या पहिल्या पाच प्याऱ्यांतले साहिबचंद तर बिदरचे, आपल्या नांदेडच्या शेजारचे!

आणखी एक. बैसाखी तिथीवर नव्हे, मेष संक्रांतीवर, म्हणजे सूर्याच्या मेष राशीतल्या प्रवेशावर, ठरते. म्हणून 13 किंवा 14 एप्रिल. तिला वैशाख पौर्णिमेशी जोडू नये.

– एक वाचक, नांदेड