सूचना : आयसीयू पोस्टिंगआधी ताशी डोसाचे गणित पक्के करा

सर्व नर्सिंग विद्यार्थ्यांनी सोमवारपर्यंत हे उदाहरण वहीत, एकके लिहून सोडवून आणावे. नुसते उत्तर चालणार नाही.

ऑर्डर : डोपामिन (बीपी वाढवणारे औषध) ५ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट, वजन ६० किलो. ५ × ६० = मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम. तासाचे काढायला पुन्हा ६० ने गुणा : १८,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ताशी १८ मिलिग्रॅम. इथे वजनही ६० आणि मिनिटेही ६०, त्यामुळे एक गुणाकार राहून जातो. सांभाळा.

सिरिंज पंपाच्या सिरिंजमध्ये २०० मिलिग्रॅमचे (५ मिली) दोन अँप्युल (औषधाच्या काचेच्या कुप्या) आणि ४० मिली सलाइन : एकूण ५० मिलीत ४०० मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत ८ मिलिग्रॅम. १८ ÷ ८ = ताशी २.२५ मिली.

आणखी एक घातक चूक सलाइन भरताना होते. १० मिली औषधावर पूर्ण ५० मिली सलाइन घातले तर एकूण ६० मिली होते, १ मिलीत ६.६७ मिलिग्रॅमच उरते. पंपावरचा आकडा बरोबर, पण रुग्णाला डोस एक षष्ठांशाने कमी. बीपी का चढत नाही ते कुणालाच उमगत नाही. म्हणून सिरिंजच्या लेबलवर औषध, एकूण मिली आणि मिलिग्रॅम/मिली तिन्ही लिहा.

दुसऱ्या नर्सकडून पडताळणी घेताना आपले उत्तर आधी सांगू नका. तिला ऑर्डरपासून स्वतः गणित करू द्या.