पटाशी आणि पाकळी

महोदय,

‘नक्षी म्हणजे वायफळ खर्च’ हे परवाच्या अंकातलं मत वाचलं. मी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. कंटाळा आला की विश्रामबागवाड्यासमोर जाऊन उभा राहतो. १८०७च्या सुमाराचा वाडा. दर्शनी सज्जाचे खांब सुरूच्या झाडासारखे, खाली फुगीर, वर निमुळते. वर केळफुलं कोरलेली. खांब आणि तुळई नुसती भिडली असती तर नजर सांध्यावर अडखळली असती. इथे ती पाकळीवरून घसरत पुढच्या खांबाकडे जाते. नक्षी असते ती यासाठी. आणि पटाशी जरा चुकली की अख्खी पाकळी उडते! लॅमिनेटवर छापलेल्या वेलबुट्टीत ती धास्तीच नाही, म्हणून मला ती बघवत नाही. भाच्याच्या फ्लॅटला मीच लावून दिली, ते वेगळं.

– एक निवृत्त सुतार, कसबा पेठ, पुणे