पलीकडच्याला मशीन दिसत नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. घरची खुशाली दोन ओळींत आटोपलीस आणि पुढचं सगळं पत्र कपडे धुण्याच्या मशीनच्या त्या पाणी उपसणाऱ्या पंपानं खाल्लंय! भलताच पार्ट आला, परत पाठवलास, मग पुन्हा भलताच आला, आणि आता तू रागाच्या भरात मशीनच भंगारात काढायला निघालायस. जरा दम धर. ड्रम चांगला आहे, मोटर चांगली आहे, फक्त पाणी बाहेर जात नाही. एवढ्यासाठी कुणी मशीन टाकतं होय?

माझी सगळी नोकरी फोनवर पार्टांच्या ऑर्डरी घेणाऱ्या टेबलावर गेली, हे तुला ठाऊकच आहे. कानाला हेडफोन, समोर स्क्रीनवर पार्टांची यादी आणि पलीकडे चिडलेलं गिऱ्हाईक. तू ज्याच्या नावानं बोटं मोडतोयस ना, त्याच्या खुर्चीत बसून मी हे लिहितोय असं समज. त्या माणसाला तुझं मशीन दिसत नाही. तू सांगतोस, "ती पाणी फेकणारी मोटर हो, काळी, खाली उजव्या अंगाला असते ती." अरे, काळे तर बहुतेक सगळेच पंप असतात! तो वर्णनावरून शोधतच नाही. तो मॉडेल नंबर टाकतो, मग त्याच्यासमोर त्या मशीनचं सुटं सुटं करून काढलेलं चित्र येतं. स्प्रिंगपासून स्क्रूपर्यंत सगळं हवेत तरंगतंय आणि प्रत्येकाला क्रमांक दिलेला. मॉडेल नंबर चुकला की चित्रच दुसऱ्या मशीनचं उघडतं. मग तुम्ही दोघं दोन वेगवेगळ्या मशीनांबद्दल अतिशय सभ्यपणे बोलत राहता, आणि ते दोघांनाही कळत नाही.

तू त्यांना सांगितलंस ते दर्शनी भागावर छापलेलं नाव. ते नाव विकण्यासाठी असतं. त्याच नावाखाली निरनिराळी मॉडेलं निघालेली असतात. खरा नंबर असतो तो पत्र्याच्या किंवा स्टिकरच्या पट्टीवर, जिच्यावर व्होल्ट, वॅट, हर्ट्झ वगैरे लिहिलेलं असतं. समोरून कपडे घालायच्या मशीनला ती बहुधा दार उघडल्यावर कडेच्या चौकटीवर किंवा दाराच्याच आतल्या बाजूला सापडते. वरून झाकणाच्या मशीनला पाठीमागे. फ्रिजमध्ये आतल्या भिंतीवर, बऱ्याचदा भाजीच्या खणाच्या आसपास, म्हणजे खण बाहेर काढल्याशिवाय दिसायची नाही. मिक्सर उलटा करायचा. मायक्रोवेव्हला दाराच्या चौकटीत नाहीतर मागे. पट्टी सापडली की कागदावर उतरवत बसू नकोस, सरळ फोटो काढ. अक्षरं पुसट झाली असतील तर टॉर्च समोरून न मारता तिरका धर, खोदलेली अक्षरं उठून दिसतात.

फोटोत पूर्ण नंबर येऊ दे. लोक तिरक्या रेघेपुढचं सोडून देतात, "ते काय, उगाच असतं," म्हणून. ते उगाच नसतं. शेवटची दोन-तीन अक्षरं कधी रंगाची असतात, कधी कुठल्या देशासाठी बनवलं त्याची, कधी मॉडेलमध्ये मधे केलेल्या बदलाची. रंगाचं अक्षर पंपाला चालून जाईल, पण हँडल मागवलंस तर पांढऱ्या दाराला करडं हँडल येईल. आणि देशाचं अक्षर चुकलं तर १२० व्होल्टचा पंप २३० व्होल्टच्या घरात येऊन पडेल.

सिरियल नंबरही सांगायचा, न विचारता सांगायचा. हे गिऱ्हाइकांना पटत नसे. मॉडेल एकच असलं तरी कारखान्यात ते वर्षानुवर्षं बनत असतं, आणि मधेच पंप पुरवणारा बदलतो. मग आमच्या यादीत एकाच पंपासमोर दोन ओळी यायच्या: अमुक सिरियलपर्यंत हा, त्यापुढे तो. सिरियल नसला की आम्ही गिऱ्हाइकाला पुन्हा मशीनकडे पिटाळायचो किंवा, घाई असेल तर, नवीनवाला धाडून मोकळे व्हायचो. तुझ्याकडे दुसऱ्यांदा जे आलं ते मला तरी असलंच काहीतरी वाटतंय. मॉडेल बरोबर, काळ चुकीचा.

आता जुना पंप काढून हातात घे. त्याच्या प्लॅस्टिकवर उठावाचे आकडे दिसतील. पहिल्यांदा तू तेच सांगितलेस, हो ना? ते बहुतेक वेळा साच्याचे आकडे असतात, ऑर्डरचा नंबर नव्हे. चिकटवलेलं लेबल असेल तर त्याच्यावरचा नंबर कामाचा. लेबल गळून गेलं असेल तर हे बघ: पंप किती स्क्रूंनी बसतो, तीन की चार, की स्क्रूच नाहीत आणि नुसता फिरवून खाचांत अडकतो? वायर खोचायच्या दोन धातूच्या पात्या एकाच टोपीत आहेत की सुट्या? त्या मागे आहेत की बाजूला? शेवटी लेबलावरचे व्होल्ट आणि वॅट. एवढं सांगितलंस तर पलीकडचा माणूस खुर्चीत सावरून बसेल, माझा शब्द घे.

एक विचारायचं राहिलं. पंप खरंच गेलाय ना? "हातानं फिरवला तर अडखळत फिरतो" असं लिहिलंयस, त्यावरून शंका आली. अशा बहुतेक पंपांच्या आत चुंबक असतो, त्यामुळे ते अडखळत अडखळतच फिरतात. तो बिघाड नाही. आधी मशीनचा प्लग काढ, खालचं फिल्टर उघड (पुढ्यात फडकं आणि ताट ठेव, पाणी येतं भसकन), आणि आत बोट घालून बघ. हेअरपिन, नाणं, मोज्याचा धागा, बटण. कित्येक पंप केवळ एका बटणापायी बदलले गेलेत, आणि पार्ट विकणारा ते बापडा का सांगेल?

पुढची गोष्ट बोलण्याची. याच्यावर मी तासभर बोलू शकतो. साध्या फोनच्या लायनीतून आवाजाचा मधला पट्टाच जातो, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. "एस" आणि "एफ" या दोन अक्षरांतला फरक ज्या बारीक सुस्काऱ्यात असतो, तो बराचसा त्या पट्ट्याच्या वर राहतो. म्हणजे तुझा "एस" तिकडे पोचेपर्यंत "एफ" झालेला असतो आणि त्यात कोणाचाच दोष नसतो. "बी, डी, पी, टी" यांचीही तीच गत, "एम" आणि "एन"ची तर विचारूच नकोस. विमानवाल्यांनी याच्यावर १९५६ साली तोडगा पक्का केला, प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक ठरलेला शब्द: ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, सी म्हणजे चार्ली. आपल्याला तेवढं पाठ करायची गरज नाही. "बॉम्बेतला बी, दिल्लीतला डी" म्हटलं तरी भागतं. फक्त शब्द असा निवड की पलीकडच्याला विचार करावा लागू नये. एक गृहस्थ मला "सायकॉलॉजीचा पी" सांगायचे!

आणि आकडे एकेक सुटे सांग. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत निम्मा शब्द सारखा आणि उरलेला अर्धा रेंजनं गिळलेला. डबल-ट्रिपल नको. सगळ्यात घातकी म्हणजे "दोन शून्य". वीस की शून्य-शून्य? तू एका अर्थानं सांगितलंस, त्यानं दुसऱ्या अर्थानं ऐकलं, दोघंही बरोबर. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक, एस आणि पाच, बी आणि आठ हे तर पट्टीवर बघतानाही फसवतात, तेव्हा "अक्षर ओ", "अंक शून्य" असं स्पष्ट म्हण. दशांश चिन्हाचीही हीच तऱ्हा. पंख्याचा कपॅसिटर बऱ्याचदा अडीच मायक्रोफॅरडचा (हे त्याचं माप) असतो, "टू पॉइंट फाइव्ह" म्हणताना तो पॉइंट लायनीत हरवला की पंचवीसचा येतो. तिथे "अडीच" म्हणावं, आपली भाषा कामी येते. कपॅसिटरवरून आठवलं, मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट मात्र तेवढे किंवा जास्त चालतात, कमी कधीच नाही. मायक्रोवेव्हच्या आतल्या कपॅसिटरला मात्र तू हातसुद्धा लावायचा नाहीस. प्लग काढल्यावरही तो चार्ज धरून ठेवतो, त्यात जीव जाऊ शकतो.

सगळं सांगून झालं की फोन ठेवायची घाई नको. त्यालाच वाचून दाखवायला लाव: मॉडेल, पार्ट नंबर, पार्टचं नाव. तू वाचलेलं त्यानं "हो हो" करून ऐकणं वेगळं आणि त्याच्या स्क्रीनवर काय टाईप झालंय ते त्यानं मोठ्यानं वाचणं वेगळं. मग विचार, हा नंबर बदलून आलेला आहे का? कंपन्या जुना नंबर बंद करून त्याच्या जागी नवा देतात. नवा पार्ट दिसायला थोडा निराळा असतो, कधी सोबत वायरीचा छोटा तुकडा येतो जोडायला. हे आधी माहीत नसलं की माणूस बरोबर आलेला पार्ट पाकिटावरचा नंबर बघून परत धाडतो. सोबत रबरी सील येतं का, क्लिप येते का, तेही विचार. जुनं सील पुन्हा बसवलं की गळतं.

आणखी एक खाचखळगा म्हणजे "सुटा मिळत नाही". तुला हवी असते बेअरिंग, आणि मिळतं अख्खं टब, कारण काही मशीनांत टब कारखान्यातच सांधून बंद केलेलं असतं. अशा वेळी पलीकडच्याशी भांडून उपयोग नाही, त्याच्या यादीत ती ओळच नसते. फ्रिजच्या दाराचं रबर काही ठिकाणी सुटं, काही ठिकाणी दारासकट. डावं-उजवं सांगायची वेळ आली तर मशीनसमोर तोंड करून उभा राहिल्यावरचं डावं-उजवं. मोटरवरून ड्रम फिरवणारा पट्टा मागवायचा असेल तर टेप घेऊन मोजू नकोस, जुना पट्टा ताणलेला असतो. त्याच्यावरच लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ १२७० जे ५, म्हणजे लांबी १२७० मिलिमीटर, पट्ट्याच्या आतल्या लांब धारांची जात जे, आणि धारा पाच. तेवढं वाचून दाखवलं की पट्ट्याचं काम फत्ते.

मशीन जुनं झालं, आता पार्ट कुठला, असं तुला कुणी सांगितलंय. असेलही. पण लगेच विश्वास ठेवू नकोस, मॉडेल बनायचं कधी थांबलं ते विचार. तू विकत घेतलंस ते साल धरायचं नसतं. युरोपीय संघानं १ मार्च २०२१ पासून नियमच केलाय की कपडे धुण्याच्या मशीनचे ठरावीक पार्ट, मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून निदान १० वर्षं मिळाले पाहिजेत. सगळीकडे तसा कायदा नाही, पण मोठे कारखाने बऱ्याचदा जगभर तेच पंप वापरतात, त्यामुळे एका दाराशी "नाही" ऐकलं म्हणून पार्ट संपला असं होत नाही. कंपनीचा नसला तर त्याच मापाचा दुसऱ्या बनावटीचा चालतो. पंप, पट्टा, रबर यांना मी बिनधास्त हो म्हणेन. इलेक्ट्रॉनिक बोर्डाला नाही.

एक तेवढं लक्षात ठेव. फोन नंबर इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नकोस. कंपनीच्या नावानं खोटे नंबर टाकून बसलेले पुष्कळ आहेत. नंबर मशीनच्या स्टिकरवरून घे, नाहीतर वॉरंटी कार्डावरून, नाहीतर माहितीपुस्तिकेतून. आणि पार्ट विकणारा कधीही ओटीपी मागत नाही, तुझ्या मोबाईलवर कसलं ॲप टाकायला सांगत नाही. "आधी नाममात्र रक्कम भरून नोंदणी करा, लिंक पाठवतो," असं ऐकलंस की फोन ठेवून दे, सभ्यपणाची पर्वा न करता.

खरा पार्ट आला की पाकीट फोडण्याआधी नंबर ताडून बघ. विजेचे पार्ट एकदा बसवले की बरेच लोक परत घेत नाहीत, आणि पात्यांवर चिमट्याचा ओरखडा दिसला की तुझं काही ऐकणारही नाहीत. जुना आणि नवा शेजारी ठेव, स्क्रूची भोकं जुळव, पात्यांची जागा बघ, मगच जुना फेक.

आता असं कर, फिल्टर आधी तपास. तिथे काही नाही निघालं तर पट्टीचा, जुन्या पंपाच्या लेबलाचा आणि पात्यांच्या बाजूचा फोटो मला पाठव. नंबर मी शोधून देतो, फोन मात्र तूच कर. माझा आवाज ऐकून जुन्या टेबलावरचे कोणी ओळखतील आणि तासभर गप्पाच मारत बसतील. दुसऱ्यांदा आलेला पंप अजून परत पाठवला नसशील तर थोडा थांब, त्याचाही फोटो टाक. त्याची मोटर तुझ्या जुन्या पंपाच्या पुढच्या प्लॅस्टिकच्या कवचाला बसते का ते बघू. कधीकधी बसते.

वहिनींना नमस्कार सांग. तोवर त्यांना बादल्या उचलायला लावू नकोस, तूच उचल.

तुझाच,
जुना दोस्त