गुळवेल, उचकी आणि मी

पुणे

प्रिय बये,

तुझं पार्सल मिळालं. गुळवेलीचा काढा मी घेणार नाहीये, रुसू नकोस. बाटलीवर ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असं छापलंय आणि माझी तीच तर माझ्यावर उलटलीय.

फोनवर तू म्हणालीस, ‘म्हणजे एमएसच ना?’ नाही गं. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, हाही मेंदू-मज्जारज्जूचाच आजार, पण वेगळा. माझा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एनएमओ. मेंदूत आणि मज्जारज्जूत पाण्याची ये-जा सांभाळणारं अ‍ॅक्वापोरिन-४ नावाचं प्रथिन असतं. माझं शरीर त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीची हल्लेखोर प्रथिनं, तयार करतं. ही अँटिबॉडी २००४ मध्ये उजेडात आली. त्याआधी कित्येकांना एमएस समजून त्यावरचं औषध, इंटरफेरॉन, दिलं जायचं, आणि त्याने हा आजार उलट बळावू शकतो. म्हणून नावाबद्दल माझा एवढा हट्ट.

सुरुवात उचकीने झाली, हे तुला सांगितलंच नव्हतं. थांबेचना. सासूबाई म्हणायच्या, ‘कोण एवढी आठवण काढतंय?’ मग उलट्या. अ‍ॅसिडिटी समजून एंडोस्कोपी केली, तर पोट अगदी साफ! उलटीचं केंद्र मेंदूच्या देठात असतं आणि सूज तिथे होती. पण ते कळलं पाय लुळे पडून एमआरआय झाला तेव्हा. स्टिरॉइडची सलाइनं, मग प्लाझ्मा बदलणं. पाय परतले. उजवा डोळा पुढच्या अटॅकमध्ये अधू झाला; त्या डोळ्याने लाल साडी विटकी दिसते. (भिशीतल्या बायकांच्या साड्यांबद्दल मी आता मत देत नाही.)

‘आता ठणठणीत दिसतेस, मग औषध कशाला?’ हे मात्र तूही विचारू नकोस. एनएमओ सहसा हळूहळू झिजवत नाही. जे जातं ते अटॅकमध्ये, आणि गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. त्यामुळे औषध घ्यायचं ते बरं असतानाच. मला दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब देतात, प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध. खास या आजारासाठी मंजूर झालेलं पहिलं औषध, एक्युलिझुमॅब, अमेरिकेत २०१९ मध्ये आलं. त्याची किंमत ऐकून आमचे हे खुर्चीतच बसले.

गरम पाण्याने न्हायले की डोळ्यापुढे धुकं येतं, अंग निवलं की जातं. तो नवा अटॅक नसतो. पण प्रत्येक वेळी पोटात गोळा येतोच.

दिवाळीनंतर ये. तेव्हाच डोस आहे, दिवसभर सलाइन लावून पडायचं असतं. गप्पांना तू हवीस. सर्दी-खोकला असेल तर मात्र आधी बरी हो, मग ये.

तुझीच,
मी